आमच्या शाळेत बसायला पाठवा : शिक्षणशास्त्राच्या मार्गदर्शकांना खुले पत्र

मुंबईतल्या एम.एड. आणि पीएच.डी.च्या सर्व मार्गदर्शक सरांना आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

जानेवारी लागला की आमच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर कोणीतरी मांडीवर प्लास्टिकची फाइल घेऊन बसलेलं दिसतं. शिपाईमामा आत येऊन एवढंच म्हणतात, "मॅडम, प्रश्नावली आलीय." माणूस आलाय असं नाही म्हणत, प्रश्नावली आलीय. मग ती मुलगी (बहुधा मुलगीच असते, आणि कुठल्यातरी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवून एम.एड. करत असते) कॉलेजचं पत्र पुढे करते. त्यावर तुमची सही असते. "मॅडम, फक्त दहा मिनिटं लागतील. शिक्षकांसाठी वीस प्रती आहेत, पालकांसाठी तीस. परवा न्यायला येऊ का?"

मी परळमधल्या एका अनुदानित मराठी शाळेची मुख्याध्यापिका. नोकरीची सत्तावीस वर्षं झाली, त्यातली शेवटची बारा या खुर्चीत. या बारा वर्षांत किती प्रश्नावल्या टेबलावरून गेल्या याचा हिशेब मी ठेवलेला नाही. त्यातल्या एकीचाही निष्कर्ष शाळेत परत आलेला नाही, एवढं मात्र पक्कं आठवतं.

त्या पन्नास प्रतींचं पुढे काय होतं ते तुमच्यापर्यंत पोचत नसावं, म्हणून सांगते. शिक्षकांच्या वीस प्रती मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये जातात. गणिताचे सर सर्वांत आधी भरतात, कारण त्यांना असल्या गोष्टी हातावेगळ्या करायची घाई असते. मग बाकीचे डबा खाताखाता विचारतात, "सर, सातव्याला काय टाकलंत?" पालकांच्या तीस प्रती वर्गशिक्षिका मुलांच्या दप्तरात घालते. दुसऱ्या दिवशी त्यातल्या पंचवीसेक परत येतात. सही आईची आणि खुणा मोठ्या बहिणीच्या. उरलेल्या पाच कोण भरतं, हे विचारू नका. हल्ली तर कागदही नको झालाय. व्हॉट्सअ‍ॅपवर गूगल फॉर्मची लिंक येते आणि त्याखाली हात जोडलेल्या तीन खुणा.

हे मी कुणाकडे बोट दाखवून लिहीत नाहीये. माझं स्वतःचं एम.एड. झालं तेव्हा अभ्यासक्रम एका वर्षाचा होता (दोन वर्षांचा २०१५ पासून झाला). माझा न्यादर्श, म्हणजे पाहणीसाठी निवडलेला गट, १२० शिक्षकांचा. हाती आल्या १०९ प्रश्नावल्या. टंकलेखकाकडे चौथं, म्हणजे आकडेवारीचं, प्रकरण द्यायचं होतं, आणि १०९ हा आकडा मला कसा तरी अपुरा, लंगडा वाटत होता. डोंबिवलीच्या आमच्या घरात, सगळे झोपल्यावर, ओट्याशेजारी बसून उरलेल्या अकरा मी भरल्या. एक निळं पेन आणि एक काळं. अक्षराचा प्रश्नच नव्हता, बरोबरच्या खुणा तर करायच्या होत्या. मग कोष्टकात आलं ७३.३३ टक्के. दशांश चिन्हानंतरचे ते दोन तिये मला फार आवडले होते. मौखिकीला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "न्यादर्श पुरेसा आहे का?" मी म्हटलं, "हो सर, १२०." मला प्रथम श्रेणी मिळाली.

तेव्हा हे पत्र चोराच्या वाटा ठाऊक असलेल्या माणसाचं आहे, असं समजून वाचा.

आमच्या ग्रंथालयात काही लघुप्रबंध आहेत. त्यातलं तिसरं प्रकरण उघडलं की एक वाक्य हमखास भेटतं : "प्रस्तुत संशोधनासाठी संशोधिकेने वर्णनात्मक संशोधनातील सर्वेक्षण पद्धतीचा अवलंब केला आहे." माझ्याही लघुप्रबंधात ते आहे. विषय इतिहासाचा नाही, प्रयोग करायला वेळ आणि परवानगी नाही, मग उरलं काय, तर वर्णनात्मक. जणू ती उरलेल्यांची पंगत. आणि गंमत अशी की त्या 'वर्णनात्मक' संशोधनाच्या दीडशे पानांत वर्णन एकाही गोष्टीचं नसतं. वर्ग केवढा, उजेड कुठून येतो, तास सुरू झाल्यावर बाई पहिलं वाक्य काय बोलतात, शेवटच्या बाकावरचा मुलगा त्या वेळी काय करत असतो, यातलं काही नाही. असतात ती कोष्टकं, आणि प्रत्येक कोष्टकाखाली तेच कोष्टक शब्दांत.

तुम्हीच शिकवता की वर्णनात्मक संशोधन म्हणजे सध्या काय आहे ते नेमकं सांगणं. त्यात सर्वेक्षण येतं, तसं निरीक्षण येतं, मुलाखत येते, व्यक्ती-अभ्यास येतो, शाळेच्या कार्यालयातल्या कागदांचं विश्लेषण येतं. परीक्षेत विद्यार्थी ही सगळी नावं लिहितातही. प्रत्यक्षात मात्र आमच्या फाटकातून आत येते ती फक्त प्रश्नावली.

एक अपवाद सांगते. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी भरलेल्या प्रती न्यायला आली आणि आमच्याकडे परीक्षेची गडबड, कोणीच काही भरलेलं नव्हतं. तिला परत जायचं जिवावर आलं असावं. चार दिवस ती दुपारी येऊन फाटकाशी बसून राहिली. तिचा विषय होता पालकांचा शाळेतील सहभाग. प्रश्नावलीत प्रश्न होता, 'आपण पालकसभेस उपस्थित राहता का? नेहमी / कधीकधी / कधीच नाही.' आमच्या बहुतेक आया घरकामाला जातात. सभा शनिवारी अकराला, म्हणजे त्यांच्या तिसऱ्या घरच्या भांड्यांच्या वेळेला. त्यांचं उत्तर ठरलेलं, 'कधीच नाही.' आणि त्याखाली निष्कर्षही ठरलेला, पालक उदासीन आहेत.

या मुलीने फाटकावर जे पाहिलं ते असं. साडेबाराला शाळा सुटायच्या आधी दहा मिनिटं रस्त्यापलीकडे, वडापावच्या गाडीमागे, बायका येऊन उभ्या राहतात. आत येत नाहीत. पोरगं बाहेर आलं की दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतात आणि त्याला नाही, त्याच्याबरोबरच्या मुलीला विचारतात, "आज बाईंनी काय घेतलं?" उत्तर ऐकून मग पोराकडे वळतात. तिने एका छोट्या वहीत हे लिहिलं होतं. कोण कुठे उभी राहते, किती वेळ, काय विचारते, शिक्षक बाहेर आल्यावर कोण मागे सरकते. एका बाईबद्दल लिहिलं होतं, 'चपला हातात घेऊन उभी, कारण एका चपलेचा अंगठा तुटलेला. फाटकाच्या आत का येत नाही याचं एक कारण कदाचित हेही.'

मला ती वही वाचायला मिळाली. मी बारा वर्षं याच फाटकाच्या आत बसते आणि मला हे ठाऊक नव्हतं. पुढच्या जूनपासून आम्ही पालकसभा शनिवारची काढून टाकली. महिन्यातून दोनदा वर्गशिक्षिका साडेबाराला रस्ता ओलांडून गाडीपाशी जाते, दहा मिनिटं उभ्याउभ्या बोलते. शिपाईमामा या भेटीला 'फाटकसभा' म्हणतात.

त्या मुलीने वही आपल्या मार्गदर्शकांना दाखवली होती. ते म्हणाले, छान आहे, पण हे साधनात (म्हणजे प्रश्नावलीत) नाही, त्यामुळे चौथ्या प्रकरणात घेता येणार नाही. परिशिष्टातही ते बसलं नाही. लघुप्रबंधात काय छापलं गेलं? पालक उदासीन आहेत. सोबत शिफारस, 'मुख्याध्यापकांनी पालकांचे प्रबोधन करावे.'

ते मार्गदर्शक कोण हे मला सांगायचं नाही. पण त्यांचं ते वाक्य तुमच्यापैकी किती जणांच्या तोंडी आहे, याचा विचार करावा ही विनंती.

आता थोडं परदेशात जाऊन येते. व्हिएन्नाजवळ मारिएंथाल नावाची एक गिरणवस्ती होती. १९२९-३० मध्ये तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारं गाव बेकार झालं. १९३१-३२ मध्ये मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल ही तरुण मंडळी तिथे अभ्यासाला गेली. त्यांनी मोजलं काय काय, तर वाचनालयातून किती पुस्तकं जातात (वेळच वेळ असूनही वाचन निम्म्यावर आलं होतं), मुलं शाळेत डब्यात काय आणतात, पुरुष मनगटाला किंवा खिशात घड्याळ ठेवतात का. एक जण तर खिडकीआड लपून रस्त्यावरच्या लोकांच्या चालण्याचा वेग मोजत बसला. बेकार पुरुष रेंगाळत, थांबत, विनाकारण वळत चालत. बायका त्यांच्यापेक्षा दीडपट वेगाने, कारण घरचं काम काही बंद पडलं नव्हतं. एकाच गल्लीत दोन वेगळी घड्याळं चालू होती. आणि त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. नुसतं बघे म्हणून कोणी राहायचं नाही, गावाच्या काही उपयोगी पडायचं. कोणी कपडे वाटले, कोणी शिवणाचे वर्ग घेतले, कोणी डॉक्टर आणला.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर परळच आलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक पुन्हा आत गेलेच नाहीत. आमच्या शाळेच्या जुन्या बाई सांगायच्या की त्या वर्षी वडील मुलांना शाळेत सोडायला यायला लागले, आणि सोडून झाल्यावर जायचं कुठे हे न सुचल्यासारखे भिंतीला टेकून उभे राहायचे. कुठल्याही 'नेहमी / कधीकधी / कधीच नाही'मध्ये तो टेकून उभा राहिलेला बाप मावत नाही.

गिरणगावाचा विषय निघालाच आहे तर दरवर्षी निदान दोन विद्यार्थी ज्या विषयावर येतात तो घेऊ. 'मराठी माध्यमाच्या शाळांतील घटत्या पटसंख्येच्या कारणांचा अभ्यास.' संचमान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्या मंजुरीच्या) टांगत्या तलवारीखाली बसणाऱ्या मला यापेक्षा महत्त्वाचा विषय नाही. पण प्रश्नावली कुणाला दिली जाते? माझ्या शाळेत आज शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना. म्हणजे जे गेलेच नाहीत त्यांना विचारायचं, लोक का जातात? तेही बिचारे अंदाजाने सांगतात, 'इंग्रजीचे आकर्षण', कारण पर्यायांत ते पहिल्याच क्रमांकावर छापलेलं असतं.

अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट'ची गोष्ट तुम्ही पहिल्याच महिन्यात शिकवता. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी त्या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, तेवीस-चोवीस लाख परत आल्या आणि त्यावरून लँडन निवडून येणार असं छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून, आणि मंदीच्या त्या दिवसांत फोन आणि मोटार नसलेला माणूस यादीतच नव्हता. शिवाय उत्तर पाठवायची तसदी घेणारे कोण, हाही प्रश्न होताच. वर्गात सगळे माना डोलावतात. मग जानेवारीत तेच विद्यार्थी माझ्याकडे येऊन, राहिलेल्यांना विचारून, गेलेल्यांविषयी निष्कर्ष काढतात.

आमच्या कपाटात याचं उत्तर पडून आहे. मूल शाळा सोडून जातं तेव्हा जनरल रजिस्टरमध्ये नोंद होते, आणि नव्या शाळेकडून दाखल्यासाठी मागणीपत्र येतं. आता ते पोर्टलवर होतं, पण जुनी पत्रं फायलींना लावलेली आहेत. रजिस्टरात 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात आम्ही वर्षानुवर्षं 'पालकांच्या विनंतीवरून' एवढंच खरडतो, त्याची लाज मला आहे. पण मागणीपत्रावर नव्या शाळेचा पत्ता असतो. एका मे महिन्याच्या सुट्टीत आमचे निवृत्त क्लार्क आणि मी बसलो आणि त्या पत्रांचे गठ्ठे केले. एक गठ्ठा इथल्याच इंग्रजी शाळांचा झाला. दुसरा, आणि तो जाड, दिवा, डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरारच्या शाळांचा, आणि त्यात मराठी शाळा पुष्कळ. ही मुलं मराठी सोडून गेलेली नव्हती, परळ सोडून गेली होती. चाळ पाडायला निघाली, भाड्याची खोली परवडेना, भावांच्या वाटण्या झाल्या. आमच्या एका शाळेवरून सगळ्या मुंबईबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. पण ही फाइल आजवर एकाही संशोधकाने मागितलेली नाही.

न्यादर्शाबद्दल आणखी एक गोष्ट, जरा हसून घ्या. 'मुंबईतील दहा शाळा' असं ज्यात लिहिलंय ते लघुप्रबंध एकदा नकाशावर मांडून पाहा. सगळ्या शाळा स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर निघतील. संशोधिकेला लोकलने येऊन पाचच्या आत परत जायचं असतं, त्याला ती काय करणार? पण मग मुंबईच्या शिक्षणाविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते स्टेशनजवळच्या शिक्षणाविषयी ठाऊक आहे. २००९ च्या महापालिकेच्या मानव विकास अहवालात एम-पूर्व विभाग, म्हणजे गोवंडी-मानखुर्दचा भाग, सगळ्यांत तळाला होता. गोवंडीला उतरून पुढे शेअर रिक्षा पकडावी लागते, डोंगरावरच्या वस्तीत तर चढून जावं लागतं. दर दहा वर्षांनी मुंबईचा अभ्यास करणारी पिढी बदलते, रिक्षाचा कंटाळा तेवढा बदलत नाही. याउलट 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीचे (मुलांना वाचता आणि गणित करता येतं का, हे पाहणाऱ्या) स्वयंसेवक २००५ पासून ग्रामीण भागात काय करतात? गावाचे चार भाग करतात, प्रत्येक भागात मध्यापासून निघून डाव्या हाताने दर पाचवं घर, असं करत गावात वीस घरं. घराला कुलूप असेल तर त्याची नोंद करून लगतचं घर. आणि मुलाला शाळेत नाही, घरी गाठतात, कारण शाळेत फक्त शाळेत आलेली मुलं भेटतात. यातलं काहीच अवघड नाही. एका वाक्यात सांगता येण्यासारखा नियम आहे, आणि स्वयंसेवक तो पाळतात.

आम्हा शिक्षकांना खरं वर्णन म्हणजे काय ते एम.एड.ने नाही, जनगणनेने शिकवलं. २०११ च्या फेब्रुवारीत मी प्रगणक होते, वाट्याला चाळींचा भाग आला होता. प्रशिक्षणात कुटुंबाची व्याख्या पाठ करून घेतली होती, नेहमी एकत्र राहणारे आणि एकाच स्वयंपाकघरातून जेवणारे ते कुटुंब. मला वाटलं, यात पाठ करण्यासारखं काय आहे? पहिल्याच मजल्यावर उत्तर मिळालं. १६० चौरस फुटांची खोली. नवरा-बायको, दोन मुलं, नवऱ्याचा धाकटा भाऊ, आणि गावाकडचे तिघे जे झोपतात इथे पण जेवतात खाली खानावळीत. शिवाय एक जण रात्रपाळीचा, तो फक्त दिवसा झोपायला येतो. किती माणसं? मी विचारलं तेव्हा बाई म्हणाली, "पाच." दारात चपला दिसत होत्या तेरा. तिचं उत्तर खोटं नव्हतं. तिच्या हिशेबात 'आपली' माणसं पाच होती. व्याख्या हातात होती म्हणून मी पुढचे प्रश्न विचारू शकले, आणि चपला दिसल्या म्हणून विचारायचं सुचलं.

आता तुमच्या विद्यार्थ्यांची प्रश्नावली पाहा. 'कुटुंबाचा प्रकार : विभक्त / संयुक्त.' कार्यात्मक व्याख्या (या अभ्यासात कुठला शब्द कुठल्या अर्थाने घेतलाय ते) पहिल्या प्रकरणात असतात, पण त्या शब्दकोशातून उतरवलेल्या आणि संशोधनातच असलेल्या, उत्तर देणाऱ्याला त्यांचा पत्ता नाही. माझ्या पाचवीतला एक मुलगा काका-काकूंकडे राहतो, आई-वडील चिपळूणजवळ गावी. तो कशावर खूण करणार? त्याने विचारलं होतं मला. मी म्हटलं, "कर रे कशावरही."

प्रश्नांच्या भाषेबद्दल लिहायला बसले तर पत्र संपणार नाही, म्हणून एकच. 'शाळेत स्वच्छ व पुरेशी प्रसाधनगृहे आहेत : पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत.' पुरेशी आहेत. स्वच्छ अकरा वाजेपर्यंत असतात, मग पाणी जातं. यावर मी काय खूण करू? मधली करते, 'अनिश्चित'. वास्तविक मी अजिबात अनिश्चित नाही, मला मिनिटासकट माहीत आहे. रेन्सिस लिकर्टने १९३२ मध्ये ही श्रेणी मांडली तेव्हा अनेक नीट पारखलेली विधानं एकत्र घेऊन माणसाचा कल काढायचा होता. एका शाळेत पाणी आहे की नाही हे ठरवायला ती नव्हती. त्यासाठी नळ सोडून बघावा.

आणि शोधलं जातं ते काय, तर बहुतेक वेळा सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी बरोबरीने दिसणं, आणि लिहिलं जातं 'परिणाम'. शिकवणीला जाणाऱ्या मुलांचे गुण कमी दिसले, म्हणून शिकवणीचा अनिष्ट परिणाम. अहो, गुण कमी म्हणूनच तर आईने पदरमोड करून शिकवणी लावली. हे मला तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी छापून येतं.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. 'कौटुंबिक वातावरण आणि शैक्षणिक संपादन' असा विषय घेऊन आलेल्या एकाने सातवीच्या वर्गात, वेळ वाचावा म्हणून, प्रश्न मोठ्याने वाचायला सुरुवात केली. 'घरात कोणी व्यसन करतं का? ज्यांच्या घरी करतात त्यांनी हात वर करा.' एकही हात वर गेला नाही. पण सगळ्या वर्गाच्या माना एकाच बाकाकडे वळल्या. त्या बाकावरचा मुलगा फळ्याकडे पाहत राहिला. मी दारात उभी होते. मी थांबवायला हवं होतं, ते मी केलं नाही. पाहुण्यासमोर कसं बोलायचं, असं वाटलं. पुढचे दोन दिवस तो शाळेत आला नाही. त्या कोष्टकात त्या प्रश्नापुढे शून्य टक्के लिहिलं गेलं असणार.

पाहणीने काय होऊ शकतं याचं उदाहरण शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. १८८२ मध्ये सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी जे निवेदन दिलं त्यात एकही श्रेणी नव्हती. शाळा स्वतः चालवलेल्या, खेडी पायाखाली घातलेल्या माणसाने सांगितलं होतं की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणाचा खर्च होतो वरच्या वर्गांवर. त्या पाहण्यातूनच मागणी आली, निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी, त्यात तुमचे स्वतःचे तास, नॅकचं (कॉलेजच्या मूल्यांकनाचं) काम, सबमिशनची तारीख. विद्यार्थी नोकरी करणारे. निरीक्षणाला रजा कुठून आणायची? शिवाय बाहेरचे परीक्षक 'न्यादर्श एवढा लहान का' असं विचारतील ही भीती. सगळी गाठ तिथेच आहे असं मला वाटतं. तीनशे प्रश्नावल्यांच्या संशोधनाला कोणी काही विचारत नाही आणि एका वर्गाचं दोन महिने निरीक्षण केलेल्याला विचारतात, "यावरून सामान्यीकरण कसं करणार?" त्याने करूच नये. त्याने एक वर्ग सांगावा, इतका नीट की दुसऱ्या शाळेतल्या बाईंनी वाचून म्हणावं, हे आमच्याकडे असं नाही, तसं आहे. तीनशे प्रश्नावल्यांवरून तरी सामान्यीकरण कुठे होतं? त्या सोयीच्या शाळांत सोयीने भरलेल्या असतात. फक्त आकडा मोठा असल्याने कोणी विचारत नाही.

वाङ्मयचौर्य आता सॉफ्टवेअरने तपासतात, २०१८ च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंत साधर्म्य चालतं. ओट्याशेजारी बसून निळ्या आणि काळ्या पेनाने भरलेल्या अकरा प्रश्नावल्या त्या सॉफ्टवेअरला दिसत नाहीत. त्या दिसतील फक्त एका माणसाला, मार्गदर्शकाला, आणि त्यानेही विचारलं तरच : "त्या शाळेत गेलीस तेव्हा काय पाहिलंस ते सांग." माझ्या सरांनी हा एक प्रश्न विचारला असता तर मी तिथल्या तिथे सापडले असते.

म्हणून मागणी एवढीच. मौखिकीला विद्यार्थ्याची क्षेत्रनोंदींची वही टेबलावर असू द्या, आणि तिला गुण ठेवा. किती गुण, ते तुम्ही ठरवा. प्रश्नावली वापरू नका असं मी म्हणत नाही, पण ती त्या वहीतून निघू द्या. आधी महिनाभर पाहणं, मग काय विचारायचं ते ठरवणं. 'साधनात नाही' म्हणून एखादं निरीक्षण बाहेर ठेवायची वेळ आली, तर साधन बदलायला विद्यार्थ्याला वेळ द्या. मुलांना काही विचारायचं असेल तर आधी वर्गशिक्षिकेला दाखवायला सांगा, आणि हात वर करायला लावू नका. आणि काम संपलं की शाळेसाठी एक पान, साध्या मराठीत. मी ते फाटकसभेत वाचून दाखवीन, वडापावच्या गाडीपाशी. चुकीचं असेल तर त्या बायका तिथल्या तिथे सांगतील, आणि ती तपासणी प्रश्नावली योग्य तेच मोजते का हे पाहणाऱ्या कुठल्याही सप्रमाणता-चाचणीपेक्षा कडक असेल, एवढं नक्की.

आमच्या बाजूचंही सांगते. पुढच्या वर्षापासून आमच्या शाळेत पन्नास प्रतींचा गठ्ठा घेतला जाणार नाही, पत्रावर कुणाचीही सही असो. मात्र जो विद्यार्थी पंधरा दिवस येऊन बसेल त्याला जनरल रजिस्टर, मागणीपत्रांच्या फायली, हजेरीपट, पोषण आहाराच्या नोंदी, सगळं मुलांची नावं झाकून पाहायला मिळेल. सहावी 'ब'च्या वर्गात मागे एक बाक रिकामा आहे. त्यावरचा पंखा चालत नाही, पण बाजूची खिडकी उघडते. शाळा साडेसातला भरते आणि साडेबाराला सुटते. फाटकासमोर उभं राहायचं असेल तर जूनमध्ये छत्री बरोबर आणायला सांगा.

आपली,
एक मुख्याध्यापिका,
परळ, मुंबई